उजव्या मनगटावरचे मास्तर

३ तारीख, सोमवार

आजपासून मी दोन घड्याळांचा माणूस झालो. डाव्या मनगटावर जुनं, किल्लीचं, हिने लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी घेऊन दिलेलं. ही गेली, घड्याळ चालू आहे. दिवसाला थोडं मागे पडतं, पण मीही तेवढाच मागे पडत असल्यामुळे आमचं जमतं. उजव्या मनगटावर आज सूनबाईने नवं बांधलं. काळं, चौकोनी, बिनकाट्यांचं. हात वर केला की जागं होतं, खाली सोडला की झोपतं. पावलं मोजतं, नाडी मोजतं आणि मुख्य म्हणजे चढलेले मजले मोजतं. त्यासाठी त्यात एक इवलासा माणूस आहे, पायरीवर कायमचा पाय उचलून उभा. त्याच्या शेजारी आकडा येतो. सध्या शून्य आहे. मी त्याला मास्तर म्हणायचं ठरवलंय, कारण आता माझी परीक्षा त्याच्या हातात आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले जिन्यात भेटले. दोन्ही मनगटं बघून म्हणाले की दोन घड्याळं बांधून दिवस काही अठ्ठेचाळीस तासांचा होत नाही, लिफ्टवाले. मी म्हटलं, एक गेलेल्या वेळेसाठी आहे, एक येणाऱ्या. ते हसत गेले. मला मात्र माझंच वाक्य बराच वेळ आवडत राहिलं.

मला लिफ्टवाले म्हणतात ते खरंच आहे. जन्मभर मी एका सात मजली कचेरीत लिफ्टमन होतो. डावा हात दांड्यावर, उजवा मोकळा. मोकळा हात काय करणार, शाळेतल्या कवितांचा ठेका धरायचा. तळमजल्यापासून सातव्यापर्यंत चौथीतली नावाड्याची कविता बरोबर पुरायची, साहेब मध्ये कुठे उतरले नाहीत तर. लोकांना वर नेलं, खाली आणलं, आणि स्वतः जागचा हललो नाही. कचेरीतला जिना मी लोकांच्या तोंडूनच ऐकून होतो.

आता मात्र जिन्याशीच गाठ पडली आहे. ताई घर सोडून चालली. तिची मुलगी तिला आपल्याकडे नेतेय, विमानाने, आणि इतक्या लांब की तिथे सकाळ असते तेव्हा इथे संध्याकाळ. महिनाअखेरीला निघणार. ताई राहते चौथ्या मजल्यावर, तिच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि ती स्वतः दोन वर्षं खाली उतरलेली नाही. माझा गुडघा सहा महिन्यांपूर्वी बदलला. त्याआधीपासून मी तिच्या घरी गेलेलो नाही. चिरंजीव म्हणाले, निघण्याच्या दिवशी खाली गाडीपाशी भेट होईलच की. सामान चढवताना, रस्त्यावर, पाच मिनिटं. मी म्हटलं, मला तिच्या खिडकीशी बसायचंय. त्या घरात मी लग्नाआधीची माझी सगळी वर्षं काढली. ताईने मला कविता शिकवल्या त्याच खिडकीत.

सूनबाईने अट घातली. घड्याळात लागोपाठ तीन दिवस चार-चार मजले दिसले तर ती स्वतः मला घेऊन जाईल. तिच्या फोनवर तिला सगळं दिसतं, चष्म्याच्या दुकानात बसल्या बसल्या. अट कडक आहे, पण तिचंही चुकत नसावं. गेल्या वर्षी आमच्याच जिन्यात माझा गुडघा अडकला आणि मी दोन मजल्यांच्या मध्ये, ती दुकानातून परत येईपर्यंत, बसून होतो. मला त्या दुपारचं विशेष काही आठवत नाही. कविता म्हणत होतो एवढंच. तिला सगळं आठवतं असं दिसतं.

४ तारीख, मंगळवार

पहिला चढ. आमचं घर तळमजल्यावर, तिथून दुसऱ्या मजल्यापर्यंत.

माझी पद्धत सांगतो. एका मजल्याला एक कडवं. अर्ध्यावर जिना वळतो तिथे अर्धं कडवं संपतं. कवितेत अशा जागेला यती म्हणतात, श्वास घेण्याची जागा. आमच्या जिन्याच्या गवंड्याला नक्की वृत्तं येत असणार. कठडा उजव्या हाताला. तो घट्ट धरायचा, बाईंनी, म्हणजे दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी, बजावलंय. मग चांगला पाय वर, नवा पाय त्याच्या शेजारी, एक शब्द. पुन्हा चांगला, पुन्हा नवा, दुसरा शब्द. वळणावर थांबायचं, कठडा सोडायचा, हवेत ठेका धरून पुढची ओळ आठवायची. ओळ आली की निघायचं. एकदा ओळ येईना, तेव्हा पहिल्या मजल्याच्या वळणावर इतका वेळ उभा होतो की दूधवाल्याने विचारलं, काका, घर सापडत नाही का.

मास्तरांचा आकडा: शून्य. पहिल्याच दिवशी पैकीच्या पैकी देणारा मास्तर मीही कधी पाहिला नव्हता.

६ तारीख, गुरुवार

कालही दोन मजले, कालही शून्य. आज सकाळी पुन्हा दोन, पुन्हा भोपळा.

दुपारी बँकवाल्यांबरोबर दवाखान्यात गेलो. व्यायामाच्या बाई सहाव्या मजल्यावर बसतात. लिफ्टमध्ये शिरलो की माझे पाय आपोआप बटणांच्या कोपऱ्यात जातात. डावा हात बटणांवर, उजवा मोकळा. दार मिटलं, आणि काय सांगू, नावाड्याची कविता आपणहून सुरू झाली. हात ठेका धरू लागला. शेजारी एक बाई बाळ घेऊन उभी होती. बाळ माझ्या हाताकडे बघत बघत सहाव्यापर्यंत आलं. बँकवाले छताकडे बघत होते, आपण या गृहस्थांबरोबर नाही असा चेहरा करून.

बाईंनी गुडघा वाकवून पाहिला. हळूहळू चढा म्हणाल्या, कठडा सोडू नका.

संध्याकाळी सूनबाई दारातूनच हसत आली. बाबा, सहा मजले, म्हणाली. मी चकित. मी प्रामाणिकपणे सांगितलं की मी आज दोनच चढलो, बाकी लिफ्टने गेलो. ती म्हणाली, लिफ्ट हे घड्याळ धरतच नाही, माहितीपत्रकात लिहिलंय. लिफ्टमध्ये माणूस स्थिर असतो ते त्याला कळतं. म्हणजे तुम्ही चढलेलेच असणार. परवाचे, कालचे आणि आजचे मिळून.

बे त्रिक सहा. मग मलाही पटलं. मास्तर पेपर लगेच तपासत नाहीत. गठ्ठा घरी नेतात आणि सवडीने गुण देतात.

९ तारीख, रविवार

आज दिवसभर वारा. खिडक्या धडधड, दारं आपटत होती, दोरीवरचा टॉवेल कुणाच्या तरी गच्चीत गेला. बाहेर पडणं शक्य नव्हतं, म्हणून मी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत येरझारा घालत वादळावरच्या सगळ्या कविता म्हणून घेतल्या. पाचवीतली, सातवीतली, आणि एक कुठल्या इयत्तेतली ते आठवत नाही. भान राहिलं नाही. एकदा तर दार असं आपटलं की ते कवितेतच आपटलंय असं वाटलं.

चिरंजीव म्हणाले, बाबा, तुम्ही घरात बसून तीन मजले चढलात.

त्यांना ते हसण्यासारखं वाटलं. मला वाटलं, कवितेने माणूस थोडा वर जातो हे मी जन्मभर सांगत आलो, आज पहिल्यांदा कुणीतरी मोजलं.

११ तारीख, मंगळवार

ताईला फोन. तिने आधी परीक्षा घेतली. नावाड्याच्या कवितेचं तिसरं कडवं म्हणायला लावलं, आणि दुसऱ्या ओळीत मी अडखळलो तेव्हा म्हणाली, छोट्या, तू साठ वर्षांपूर्वीही इथेच अडखळायचास. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारं या जगात एकच माणूस उरलंय, आणि ते विमानात बसणार आहे.

भाची खपून सामान बांधतेय म्हणे. भांडी गेली, पुस्तकं गेली. ताई म्हणाली, रोज सकाळी उठून आता घरात काय उरलं ते बघायचं, हाच उद्योग. मग विचारलं, जिना जमतो का रे. मी म्हटलं, जमतो. म्हटलं, तू एवढी वर्षं कशी चढत होतीस. ती म्हणाली, चढण्याचं काही नसतं, उतरताना खाली दिसत राहतं. मग लगेच म्हणाली की खाली आहे तरी काय, शिंप्याचं दुकान आणि धूळ. तिला खालचं काही अडत नाही. सगळं वर मिळतं. हे तिने दोनदा सांगितलं.

१३ तारीख, गुरुवार

सकाळी तीन मजले, गुडघ्याची काही तक्रार नाही. तिसऱ्यावर बँकवाल्यांच्या दारात थांबलो, त्यांनी पाणी दिलं.

मग एका सहीसाठी माझ्या जुन्या कचेरीत गेलो. सहीचं काम पाच मिनिटांचं. पण लिफ्ट. जुनी जाळीची गेली, तिच्या जागी चकचकीत पेटी आली आहे. आत माणूस नाही, एक बाईचा आवाज आहे. तिसरा मजला, म्हणते, आणि गप्प बसते. कुणाला नमस्कार नाही, तब्येत कशी नाही. मी सहज एक फेरी मारली. मग वाटलं, आवाजाच्या दोन वाक्यांमध्ये किती ओळी बसतात ते बघावं. पूर्वीपेक्षा कमी बसतात, लिफ्ट वेगवान झाली आहे. मला उजव्या हाताची गती वाढवावी लागली. तीन फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीत एक तरुण कारकून शिरला आणि म्हणाला, आजोबा, तुम्ही इथलेच का. मी म्हटलं, हो, जरा रजेवर होतो.

संध्याकाळी घरी जल्लोष. मास्तरांनी एकवीस मजले दिले. चिरंजीवांनी आइस्क्रीम आणलं. बँकवाल्यांना बोलावलं, ते आले, खाल्लं, आणि म्हणाले की मी रोज चार वेळा तिसऱ्यावर चढतो आणि मला कुणी कुल्फीची काडीही देत नाही. मी सांगितलं की आज कचेरीत लिफ्टने फिरलो. सूनबाई पुन्हा म्हणाली, लिफ्ट धरत नाही हो ते. मग एकवीस कुठून आले. चिरंजीव म्हणाले, तुम्हाला आठवत नसेल. हे मला जरा लागलं. पण आइस्क्रीम चांगलं होतं.

खरं लिहायचं तर मनात पाल चुकचुकते आहे. मास्तर एवढे दयाळू नसतात.

१५ तारीख, शनिवार

आज मी खालून चौथ्या मजल्यावर चढलो.

एका दमात नाही. प्रत्येक वळणावर यती. पण चारही मजले, चारही कडवी. चौथ्यावरून गच्चीचं दार उघडं होतं. तिथून पलीकडच्या गोदामाची पत्र्याची छपरं दिसतात, आणि त्यावर मांजर झोपलेलं. मी त्या मांजराला शेवटची ओळ म्हणून दाखवली. किती वर्षांनी मी माझ्या पायांनी इतक्या वर आलो होतो. नोकरीत जिथे जिथे वर गेलो, तिथे दांडा ओढून गेलो.

खाली आलो. हात वर केला. तो इवलासा माणूस पाय उचलून उभाच. शेजारी शून्य.

संध्याकाळपर्यंत वाट बघितली. गठ्ठा तपासून येईल म्हटलं. आला नाही. सूनबाई दुकानातून आली, चप्पल काढतानाच विचारलं, आज गेला नाहीत वाटतं. मी म्हटलं, चौथ्यापर्यंत गेलो. तिने फोन काढून पुन्हा बघितला, आणि म्हणाली, बाबा, नसेल झालं तर नाही म्हणा, मी रागावणार नाही.

मी जेवलो आणि खोलीत आलो. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्या घरी कांकण आहे की नाही ते आरशाला विचारून ठरतं.

१७ तारीख, सोमवार

दोन दिवस घड्याळ काढून साखरेच्या डब्याशेजारी ठेवलंय. जिनाही सोडला. कुणासाठी चढायचं.

दुपारी भाचीचा फोन आला. तिकिटाची तारीख अलीकडे आली. ताई महिनाअखेरीला नाही, येत्या रविवारी निघणार. दुपारनंतर विमान. म्हणजे माझ्यापाशी आठवडाही नाही. चिरंजीव म्हणाले, काळजी करू नका, मी आणि माझा मित्र तुम्हाला खुर्चीत बसवून वर नेतो. मी म्हटलं, जन्मभर मी लोकांना वर नेलं, मला कुणी नेलेलं चालणार नाही. ते म्हणाले, हा हट्ट आहे. हट्टच आहे. हट्टाला दुसरं नाव दिलं तर तो जाईल थोडाच.

ताट वाढताना साखरेच्या डब्याकडे सूनबाईने दोनदा बघितलं.

१९ तारीख, बुधवार

आज सूनबाईने अर्ध्या दिवसाची रजा काढली. मला न सांगता. मी पेपर वाचत होतो, तेवढ्यात ती घड्याळ घेऊन समोर उभी. म्हणाली, बांधा आणि चला, मी मागून येते. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही. ती म्हणाली की दुकानात पेशंट म्हणतो मला दिसतंय आणि यंत्र म्हणतं दिसत नाहीये, तेव्हा आम्ही कुणालाच खोटं ठरवत नाही, पुन्हा तपासतो. मग मला जावं लागलं.

खालून सुरुवात. ती दोन पायऱ्या मागे, फोन हातात. मी माझ्या पद्धतीने. चांगला पाय, नवा पाय, एक शब्द. पहिल्या वळणावर थांबलो, कठडा सोडला, ठेका धरला. पुढे निघालो. पहिला मजला, दुसरा. ती एकदम म्हणाली, थांबा. मी थांबलो. ती पायरीवर बसली आणि मलाही वळणावरच्या कट्ट्यावर बसवलं. बसल्या बसल्या कविता म्हणा, म्हणाली. मी म्हटली. हात आपला चालू. ती फोनकडे बघत होती आणि तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतेय. ती हसत होती, तोंडावर ओढणी धरून.

मग तिने जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहून ठेवतो. या घड्याळाच्या कडेला टाचणीने पाडावं एवढं भोक आहे. त्यातून ते हवा हुंगतं. माणूस वर गेला की हवा केसभर विरळ होते, तेवढ्यावरून त्याला मजला कळतो. पण वर गेलेला माणूस चढला की लिफ्टने गेला, हे ते हाताच्या हलण्यावरून ठरवतं. चालणाऱ्याचा हात हलतो, लिफ्टमधल्याचा हलत नाही. दोन्ही मिळून जमलं की गुण. आता मी जिन्यात घड्याळाचा हात कठड्याला चिकटवून ठेवतो, आणि दर अर्ध्या मजल्याला उभा राहतो. हवा विरळ होतेय, हात मात्र गप्प. मास्तर म्हणतात, हा लिफ्टमध्ये आहे. आणि लिफ्टमध्ये शिरलो की माझा उजवा हात ठेका धरतो. हवा विरळ, हात जोरात. मास्तर म्हणतात, शाबास, काय चढतोय.

म्हणजे जिन्यात मी लिफ्टमध्ये होतो आणि लिफ्टमध्ये जिन्यात. बाकीचे लिफ्टमध्ये गप्प उभे राहतात, म्हणून त्यांचं चुकत नाही. आणि त्या रविवारचे तीन मजले वाऱ्याचे. वाऱ्याने, दारं आपटण्याने घरातली हवा खालीवर होते आणि मी तर येरझारा घालत होतोच. कवितेचा त्यात काही हात नव्हता असं ती म्हणते. यावर माझं मत मी राखून ठेवलंय.

मी विचारलं, मग मी खोटं बोलत नव्हतो ना. ती हसायची थांबली. थोडा वेळ पायरीवरची धूळ बोटाने गोळा करत बसली. मग म्हणाली, "बाबा, घड्याळ तुमच्या परीक्षेसाठी नव्हतंच. मागच्या वर्षी तुम्ही इथेच बसला होतात, याच वळणावर. तेव्हापासून दुकानात माझं लक्ष लागत नाही. समोर माणूस अक्षरं वाचत असतो आणि मला हा जिना दिसतो. म्हटलं, आकडा दिसत राहिला तर बरं वाटेल."

मी म्हटलं, "अगं, पण मी त्या दिवशी मजेत होतो."

"हो. मला तुमचा आवाज खालूनच ऐकू आला होता," ती म्हणाली. "म्हणून तर वर यायला पाय उचलेना. इतका बारीक येत होता."

ओढणीला धूळ लागली आहे असं मी तिला सांगितलं.

मग आम्ही उरलेले दोन मजले चढलो. मांजर नव्हतं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, शनिवारी जाऊ. कठडा सोडायचा नाही, वळणावर हवं तेवढं थांबायचं, आकडा गेला उडत. बँकवाले दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, म्हणजे ते आइस्क्रीम लिफ्टचं होतं. मी म्हटलं, परत करतो.

२१ तारीख, शुक्रवार

उद्याची तयारी. सदरा इस्त्री केला. चारही कडवी म्हणून पाहिली, तिसऱ्यातली दुसरी ओळ आज बरोबर आली. छातीत थोडं धडधडतंय. मास्तरांना विचारलं तर नाडीचा आकडा सांगितला, आणि या बाबतीत त्यांचं बरोबर असावं.

२३ तारीख, रविवार

काल लिहायला त्राण नव्हतं. आज सकाळी लिहितोय, हात अजून दुखतोय, कठडा धरून धरून.

ताईच्या इमारतीचा जिना आमच्यापेक्षा अरुंद. गवंडी वेगळा, वृत्तही वेगळं. पायऱ्या उंच आणि वळणं लांब. आमच्या जिन्यावर घोटलेली कविता तिथे बसेना, शब्द आधी संपायचे आणि पायऱ्या उरायच्या. तिसऱ्या मजल्यावर मी कविता सोडून दिली आणि नुसता चढलो. सूनबाई दोन पायऱ्या मागे. माझ्या पाठीला तिचा न लावलेला हात लागत होता.

ताई दारात खुर्ची टाकून बसली होती. किती बारीक झाली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गुडघ्याकडे, मग म्हणाली, आलास, ये. जसा काही मी कोपऱ्यावरून साबण घेऊन आलो होतो. मी आत जाऊन खिडकीशी बसलो. घरात सगळीकडे खोकी, भिंतींवर फोटो काढल्याच्या फिकट चौकटी, खिडकी तेवढी जागच्या जागी. खाली शिंपी मशीन चालवत होता, त्याची टकटक वर येत होती. मग ताई म्हणाली, दोन वर्षं हा आवाज ऐकतेय, माणूस काही पाहिला नाही.

मी म्हटलं, चल, बघून येऊ.

मी असं का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. मी लिफ्टमन आहे, माणूस वर आला की त्याला खाली नेणं हे माझं काम. भाची स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, मामा, काहीतरीच काय, उद्या विमान आहे. तिने डॉक्टरचं नाव काढलं, पायऱ्यांचं काढलं, ताईच्या चक्करचं काढलं. ताई खुर्चीतून उठून उभी होती. ती म्हणाली, "हा चढून आला. मग मी उतरते."

मी एक पायरी खाली, तोंड तिच्याकडे करून. माझा एक हात कठड्यावर, एक तिच्या हातात. सूनबाई आमच्या खाली, भाची वर. ताईने पहिल्या पायरीवर डोळे मिटले. म्हणाली, छोट्या, खाली दिसतंय. मी म्हटलं, खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. ती म्हणाली, तुझ्याकडे काय बघायचंय, तू तर त्याहून भयंकर दिसतोस. आणि पाय टाकला. मग दुसरा.

शिंपी तरुण निघाला. ताईला वाटलं होतं म्हातारा असेल. त्याने कापडाचे गठ्ठे बाजूला करून आम्हाला बसायला जागा केली. ताई दुकानातून रस्त्याकडे बघत बसली. मग उठून बाहेर आली, मान वर करून आपली खिडकी शोधली आणि म्हणाली, एवढीशी आहे होय.

त्यानंतर सूनबाईच्या लक्षात आलं की आता दोन म्हाताऱ्यांना वर न्यायचंय.

निघालो. पहिल्या मजल्यावर दार उघडंच होतं. तिथल्या बाईने ताईला बघून हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि दोन खुर्च्या बाहेर आणल्या. ताई बसली आणि म्हणाली, हा माझा छोट्या, जिन्याने आलाय. बाई म्हणाली, अहो, पण तुम्ही? ताईने हात झटकला, मी काय, मी इथलीच. आम्ही उठलो तशी ती बाईही निघाली, एक खुर्ची उचलून, पुढे लागेल म्हणून. दुसऱ्या मजल्यावर दोघे नवराबायको. पुन्हा तेच, हा माझा छोट्या, जिन्याने आलाय. मी पोट आत घेऊन उभा राहिलो. ते दोघेही मागून आले. तिसऱ्यावर एक नवी भाडेकरू, दीड वर्ष झालं येऊन, पण तिने ताईला कधी पाहिलंच नव्हतं. तुमच्या काठीचा आवाज येतो वरून, म्हणाली, एकदा भेटायला यावं म्हणत होते, पण वाटलं झोपल्या असाल.

"मग ये ना," ताई म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत आहे मी."

ती चपला घालून तशीच आली.

चौथ्यावर पोचलो तेव्हा मी मोजलं नाही, पण दारात चपला मावत नव्हत्या. खिडकीशी मी आणि ताई, बाकीचे खोक्यांवर. कुणी पाण्याचा जग आणला होता, कुणी बिस्किटं. दोन वर्षांच्या गोष्टी एकदम सुरू झाल्या, खालच्या नळाची, वरच्या गळतीची, कुणाच्या मुलीच्या लग्नाची. ताई मध्येच इकडेतिकडे बघू लागली. म्हणाली, एवढी माणसं आली आणि चहाला कप नाहीत. कप त्या कोपऱ्यातल्या खोक्यात होते, भाचीने एकेक कागदात गुंडाळून, वर दोऱ्या आवळून, दोन दिवस खपून बांधलेल्या.

सगळे भाचीकडे बघायला लागले. ती थोडा वेळ त्या खोक्याजवळ उभी राहिली. मग आत गेली आणि कात्री घेऊन आली.